पायरीवरच्या फळ्याचा शेवटचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. काळा म्हणायचे, पण आता तेवढाही काळा राहिलेलो नाही. वाचनालयाच्या जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या मागे मला उभे करून ठेवले आहे. माझ्यावर एक शब्द अजून आहे. त्याचीच गोष्ट सांगतो.

मी मुळात पुस्तकांच्या कपाटाचे दार. कपाट वाळवीने खाल्ले, मी तेवढा वाचलो. सुताराने मला रंधा मारला, काळा रंग दिला आणि ग्रंथपालांना म्हणाला, "काका, बिजागरीच्या खुणा काही जात नाहीत बघा." काका म्हणाले, "राहू देत. दार होतं, दारच राहील."

त्या दिवसापासून मी वाचनालयाच्या वरच्या पायरीवर उभा राहू लागलो. सकाळी आठला झाडलोट करणाऱ्या मावशी ओल्या फडक्याने मला पुसत, मग काका खडू घेऊन येत आणि एक शब्द लिहीत. खाली त्याची हकिगत, चार ओळींत. 'चावी' पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आली, हे त्यांनी लिहिले तेव्हा मावशी कमरेचा जुडगा हातात घेऊन बघतच राहिल्या. 'इस्त्री'ही तिकडचीच, हे वाचून समोरचा शिंपी तावातावाने पायऱ्या चढून आला. "म्हणजे मी जन्मभर पाहुणीला फिरवतोय की काय?" काका पोट धरून हसले. मला तर आभाळ ठेंगणे झाले होते. ऑफिसला उशीर झालेली माणसेसुद्धा माझ्यासमोर क्षणभर थांबत.

मावशींना तेव्हा नीट वाचता येत नव्हते. मला पुसण्याआधी त्या माझ्यावरची अक्षरे एका वहीत उतरवून घेत. सुरुवातीला त्यांची वेलांटी आडवी पडे, उकार ओळीबाहेर जाई. हळूहळू त्यांना सगळे वाचता येऊ लागले. काकांना मात्र त्यांनी हे कधी सांगितले नाही. लाज वाटे त्यांना.

अशी बारा वर्षे गेली. मग एका सोमवारी काकांनी 'चावी' लिहिले. मंगळवारी पुन्हा 'चावी'. बुधवारी तिसऱ्यांदा. शिंपी म्हणाला, "काका, चावी हरवली की काय?" सगळे हसले. काकाही हसले, पण आत जाऊन टेबलाशी डोके धरून बसले. दार उघडेच होते, मला सगळे ऐकू येत होते.

"मावशी, शब्दच सुचत नाहीत हो. खडू हातात घेतला की डोकं कोरं होतं. लोकांना कळलं तर मला घरी बसवतील. फळा थांबला की मी संपलो."

दुसऱ्या दिवशी मावशींनी पदराआडून वही काढली. "काका, मी एक शब्द सांगू का?" त्यांनी वाचले, काकांनी लिहिले. लिहून झाल्यावर लहान मुलासारखे खूश होऊन ते म्हणाले, "वा! हे मला ठाऊकच नव्हतं. कुठे मिळालं तुम्हाला?"

"मिळालं कुठंतरी," मावशी म्हणाल्या आणि खाली जाऊन धुतलेल्याच पायऱ्या पुन्हा घासत बसल्या.

वर्षभर असे चालले. काकांचेच शब्द मावशी त्यांना रोज नव्याने देत राहिल्या. कुणाला पत्ता लागला नाही. मला ठाऊक होते, पण फळ्याला कुठले तोंड?

एका सकाळी मावशींनी वहीतून 'येतो' हा शब्द काढला. काकांनी लिहिले: 'येतो. निघताना आपण जातो म्हणत नाही. येतो म्हणतो. कारण परत यायचे असते.' अक्षर थरथरत होते, पण एकही चूक नव्हती.

संध्याकाळी काका पिशवी घेऊन बाहेर आले आणि सहज म्हणाले, "बरंय मावशी, जातो मी."

मावशींच्या हातातला झाडू थांबला. "जातो नाही म्हणायचं काका. येतो म्हणा."

"असं का?"

मावशींनी माझ्याकडे बोट दाखवले. काकांनी एकेक अक्षर लावत वाचले. "असं होय! छान लिहिलंय कुणीतरी." मग माझ्या बिजागरीच्या खुणेवर हात ठेवून म्हणाले, "येतो हं."

ते पुन्हा आले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांची लेक त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. माझ्या जागी चकचकीत पडदा लागला. त्यावर शब्द येतात आणि वाचून व्हायच्या आत पळतात. मला उचलणाऱ्या हमालाने विचारले, "पुसून ठेवू?" मावशी जवळजवळ ओरडल्याच, "हात लावू नका त्याला!"

दर रविवारी मावशी वही घेऊन काकांकडे जातात. काका आता त्यांना ओळखत नाहीत, पण शब्द ऐकून "वा!" म्हणतात. सोमवारी जिन्याखाली झाडताना मावशी हे मला सांगतात.

मित्रांनो, माझी धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण ज्यांनी तुम्हाला शब्द दिले, त्यांना कधी शब्द सुचेनासा झाला, तर हसू नका. तो हळूच त्यांच्या हातात द्या. तो तुमचाच आहे असे त्यांना वाटू दिलेत तरी हरकत नाही.

जिन्याखाली फार ओल आहे. माझ्यावरच्या ओळी केव्हाच गेल्या. गेल्या महिन्यात 'येतो'मधला 'तो'ही पुसला गेला.

आता माझ्यावर फक्त 'ये' उरले आहे.