पुठ्ठ्यावरचे डाग

गाडी गळते, असं सांगून मिस्त्रींनी वर्षभर सगळ्यांना वाटेला लावलं होतं. कुणी विकत मागायला आलं की तेच, शेजाऱ्याने दोन दिवसांसाठी मागितली तरी तेच. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती जुनी व्हॅन चाकांना विटा लावून उभी होती, आणि तिच्यावरच्या ताडपत्रीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मुलगा गेल्यापासून मिस्त्री स्वतःही तिकडे फिरकत नसत.

व्हॅन मुलाची. सकाळ-दुपार शाळेच्या पोरांची ने-आण करायचा तो. मग आजारपण आलं, आणि आलं ते त्याला घेऊनच गेलं.

सुनेने विषय काढला तो भांडी घासता घासता, पाठमोरीच.

"बाबा, पुढच्या महिन्यात शाळा उघडतेय. दोघी-तिघी आया विचारत होत्या, व्हॅन सुरू होणार का म्हणून. मी हो म्हणून बसलेय."

"चालवणार कोण?"

"मी. लायसन आहे की माझं. ह्यांनीच मागे लागून काढायला लावलं होतं."

"गाडी गळते."

"कुठे?"

वर्षभरात हा साधा प्रश्न मिस्त्रींना कुणी विचारलाच नव्हता. ज्या माणसाचा उभा जन्म बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये गेला, त्याला तो विचारायचा कुणी?

"दुसऱ्यांची लेकरं बसायची आहेत त्यात," ते म्हणाले.

"म्हणूनच विचारतेय. तुम्ही सांगा, मी हात चालवते."

दुसऱ्या दिवशी ताडपत्री निघाली. मिस्त्री टॉर्च घेऊन गाडीखाली वाकले, थोडा वेळ तसेच राहिले आणि कंबर धरून उठले. "कंबर साथ देत नाही आता," एवढंच म्हणाले. नवऱ्याचा जुना शर्ट अंगात चढवून सून सरपटत खाली गेली.

"सगळीकडे तेलच तेल आहे, बाबा. कुठून येतंय काय कळणार?"

"आधी धुऊन काढ. चिकटा बसलाय त्यावर. त्यात जुनं किती नि ताजं किती, मलासुद्धा कळायचं नाही."

रॉकेल, ब्रश आणि चिंध्या घेऊन ती दिवसभर इंजिन घासत राहिली. अंगाला असा वास लागला की रात्री लेक तिच्या कुशीत येईना. मग मिस्त्रींनी फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा उलगडून गाडीखाली सरकवला, नवी बॅटरी जोडून इंजिन तापेपर्यंत चालू ठेवायला लावलं आणि शेडचं दार ओढून घेतलं.

सकाळी पुठ्ठ्यावर तीन डाग होते. सुनेने तो उजेडात आणला.

"बोट लाव. आता दोन बोटांत चोळ. वास घे," मिस्त्री सांगत गेले.

पहिला काळपट, बुळबुळीत. इंजिनचं ऑइल. दुसरा हिरवट, वासाला गोडसर. रेडिएटरचं पाणी. तिसरा जवळजवळ दिसतच नव्हता, नुसता पुठ्ठा ओला होऊन फुगल्यासारखा.

"हा पाण्याचाच असेल," सून म्हणाली.

"पाणी असतं तर वाळलं असतं. मागच्या चाकापाशी होता ना? ब्रेक ऑइल आहे ते. हात धुऊन ये, आणि गाडीच्या रंगाला लावू नकोस, रंग खातं." बोलताना त्यांनी डाग दाखवायला बोट टेकवलं, ते डागापासून वीतभर लांब. सुनेने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

ऑइलचं काम पहिल्यांदा घेतलं. थेंब पडत होता खाली, पण मिस्त्री म्हणाले, तेल उतरत येतं, तेव्हा शोध वर घ्यायचा. लेकीच्या पावडरचा डबा आणून सुनेने कोरड्या इंजिनावर पावडर मारली आणि गाडी सुरू केली. थोड्या वेळाने इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या कडेपासून एक काळी रेघ पांढऱ्या पावडरीतून खाली उतरायला लागली. झाकणाचं पॅकिंग कडक होऊन चिरलं होतं. नवं बसवताना बोल्ट जीव खाऊन आवळू नकोस, हे मिस्त्रींनी इतक्यांदा बजावलं की शेवटी ती म्हणाली, "बाबा, मी ऐकलं पहिल्यांदाच." ते चक्क हसले. घरात तो आवाज बऱ्याच दिवसांनी झाला.

पाण्याची गळती शोधायला वेळ लागला नाही. रेडिएटरकडून मागे जाणाऱ्या रबरी पाइपवर, अगदी आत, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती आणि वरून तारेचे वेढे. पाणी तिथूनच झिरपत होतं.

"कुणीतरी बांधलंय इथे," सून खालून म्हणाली.

"कुणीतरी म्हणजे? त्याच्याशिवाय कोण हात लावणार?" मिस्त्रींचा आवाज चढला. "तात्पुरतं बांधून मुलांना न्यायचं नाही, हजारदा सांगितलं होतं त्याला. पाइप बदलायला काय झालं होतं?"

त्यांनी वाकून हात आत घातला आणि चाचपडत पट्टीपर्यंत नेला. तारेचे वेढे बोटांखाली आले. मुलाला पक्कड धरायला त्यांनीच शिकवलं होतं; त्याने पिळलेली तार अशी बसायची की सोडवताना तोडावीच लागायची. ही तार ढिली होती. पीळ अर्धवटच पडला होता, पुढे जोर दिलेलाच नव्हता. मिस्त्रींनी ती चिमटीत धरली तर ती सहज फिरली.

त्यांचा हात तिथेच राहिला.

"हे बांधलं कधी त्याने?"

"शेवटी शेवटी," सून म्हणाली. ती पाठीवर पडून होती, तोंड पाइपाकडे. "बराच वेळ इथे खाली होते. मी चहा घेऊन आले तर म्हणाले, ठेव तिथे. बाहेर आले तेव्हा हात कापत होते. मला म्हणाले, बाबांना सांगू नकोस, ते स्वतः करायला बसतील. त्या दिवसानंतर गाडी काढलीच नाही त्यांनी. मुलांना दुसऱ्या व्हॅनवाल्याकडे लावून दिलं."

मिस्त्री गाडीला टेकून खालीच बसले. वर्कशॉपमध्ये हाताखालच्या माणसांवर ओरडायचे, तसं आत्ता ते मेलेल्या मुलावर ओरडले होते. सून बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी बसली. काळ्या हातांनी डोळे पुसायची सोय नव्हती, म्हणून दोघांनीही ते तसेच वाहू दिले.

"बदलावा लागेल ना?" तिने विचारलं.

"लागेल. काढ तो."

काढलेला पाइप तिने पट्टीसकट फळीवर ठेवला. नवा बसवून पाणी भरेपर्यंत दोघं कामापुरतंच बोलली.

राहिला ब्रेक. मागचं चाक उतरवलं, ड्रम काढला, तर आतल्या सिलिंडरची रबरं फुगून पाझरत होती. मिस्त्रींनी दोन्ही मागच्या चाकांची बदलायला लावली, एकाचं झालं म्हणजे दुसऱ्याचंही होणार म्हणून. मग ब्रेकच्या नळीतली हवा काढायची होती, त्याला दोन माणसं लागतात. सून चाकापाशी पाना घेऊन बसली आणि मिस्त्री वर्षभरात पहिल्यांदा मुलाच्या सीटवर बसले.

"दाबा, बाबा."

"दाबला."

"धरून ठेवा." तिने बोल्ट सैल केला, बुडबुडे आले, बोल्ट आवळला. "सोडा."

एकेका चाकाशी हे चालू राहिलं. सुरुवातीला पॅडल पार तळाला जायचं. हळूहळू ते पायाखाली घट्ट होत गेलं.

"हवा संपली का बघ," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही बघा की येऊन."

ते उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. "मला दिसत नाही, बाळ. नीट दिसत नाही. आधीपासूनच. त्याच्या आजारपणात कुठे हे काढायचं म्हणून बोललो नाही, आणि नंतर ते राहूनच गेलं."

"माहीत आहे मला," सून म्हणाली. "सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. नंबर लावून ठेवलाय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर म्हणाला असतात, गाडी गळते."

शाळा उघडली त्या दिवशी मिस्त्री पहिल्या फेरीला सुनेबरोबर गेले. एका डोळ्याच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा घातलेला होता, अंगात इस्त्रीचा सदरा. आया आपापली पोरं मागच्या बाकांवर बसवत होत्या. एकजण दारापाशी घुटमळली, तिने सुनेकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे.

"ब्रेक बघितले ना, काका?" तिने विचारलं.

"हिने केलेत," मिस्त्री म्हणाले. "मी नुसता पॅडल दाबायला होतो."

बाईने मुलाला उचलून आत बसवलं. सुनेने आरसा स्वतःपुरता वळवून घेतला आणि गाडी रस्त्याला लावली.