जेवणावर घ्यायचं औषध

मोहनराव मुंबईहून डॉक्टरीची पदवी घेऊन सणसरला आले, त्याला चार महिनेही झाले नव्हते. तापाचा रोगी तपासून त्यांनी परीक्षेत साहेबाची शाबासकी मिळवली होती. कालव्याच्या पट्ट्यात हिवताप तर घरोघर. अंथुर्ण्याच्या जोतीरामसाठी क्विनाइनची बाटली देताना, त्याचा ताप आपण हां हां म्हणता उतरवू, असं त्यांना वाटलं होतं.

पण आठ दिवस झाले तरी ताप हटेना. जोतीरामची आई कुशाबाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली.

"पोरगं आता माणूस वळखंना झालं, डाक्टर."

"औषध चालू आहे ना?"

"व्हय. तुमी सांगितलं तसंच चालू हाय."

मोहनराव विचारात पडले. क्विनाइन पोटात जाऊनही ताप उतरत नाही, म्हणजे हा हिवताप नव्हेच, विषमज्वर असावा. ग्रंथात तसंच लिहिलं होतं. क्विनाइन बंद करायचं त्यांनी ठरवलं खरं, पण चिठ्ठी लिहिताना टाक अडखळला. कॉलेजात पाठीशी मोठे डॉक्टर उभे असत. इथं चुकलं तर सावरायला कोणी नव्हतं, आणि पोरगा त्या बाईचा एकुलता एक.

कंपाउंडर कुंडलिकची वीस वर्षं पुड्या बांधण्यात गेलेली. तो म्हणाला, "बदला की औषध. पण आधी त्याचं घर तरी बघा. तुमच्या कॉलेजात माणसं खाटंवरच जल्मत असतील, हितं तसं न्हाय."

बोलणं झोंबलं. तरी मोहनरावांनी गाडी जुंपायला सांगितली आणि कुंडलिकलाही बरोबर घेतलं.

जोतीराम घोंगडीखाली पडला होता. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. नाडी बघता बघता मोहनरावांची नजर कोनाड्याकडे गेली. बाटली तिथं होती. डोस मोजायला चिकटवलेली कातरलेली कागदी पट्टी जशीच्या तशी, आणि औषध गळ्यापर्यंत भरलेलं.

"मावशी, ही दुसरी बाटली?"

"दुसरी कुठनं? पयलीच की."

"मग औषध का दिलं नाही?"

मोहनरावांचा आवाज चढला तशी कुशाबाई बावरली. "तुमीच म्हणला, दोन्ही टायमाला जेवणावर द्यायचं. पोरगं जेवलंय कुठं? तापाला लंघन असतं. आठ दिस पाण्याबिगर काय दिलं न्हाय मी. पथ्यात कसूर केली न्हाय, डाक्टर!"

मोहनराव खालीच बसले. वॉर्डात 'जेवणानंतर' एवढं लिहिलं की काम भागे. जेवण येई, नर्स येई, डोस जाई. तापात चूल बंद ठेवणारी आई कुठल्याच परीक्षेत आली नव्हती. आणि आज ते खरं औषधच बंद करायला निघाले होते.

"कसूर माझी आहे, मावशी," ते म्हणाले. "पातळ पेज टाका."

चार घोट पेज गेल्यावर पहिला डोस त्यांनी स्वतः पाजला. पुढं चार दिवस ते रोज येत राहिले. चौथ्या दिवशी दुपारी, थंडी भरायच्या वेळेला, ते उशाशी बसून राहिले. उन्हं कलली. घोंगडी हलली नाही. मग आतून बारीक आवाज आला, "आये, भाकर हाय का?"

कुशाबाईनं पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "देऊ का, डाक्टर?"

"द्या. पण आधी मला सांगा, औषध कधी द्यायचं?"

"सकाळी अन् दिवेलागणीला. जेवू दे न्हायतर उपाशी ऱ्हाऊ दे."

दाराशी उभा कुंडलिक हसला. "पास झाल्या बाई."

"मीसुद्धा," मोहनराव म्हणाले.