मनोऱ्यावरचा न फिरणारा कोंबडा

जुन्या स्टेशनच्या फलाटावर त्या आठवड्यात गाडी पकडायला कोणी येत नव्हतं. सगळे माना वर करून उभे. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारे चार लोखंडी जीव होते: मासा, घोडा, बदक आणि घड्याळाच्या मनोऱ्यावर कोंबडा. वारा सुटला की तिघे गरगरत. कोंबडा मात्र आठ दिवस एकाच घरावर चोच रोखून. घर शिवणकाम करणाऱ्या विधवेचं.

“वारा मायेचा, चोच सत्याची!” भगव्या कफनीतले बाबा बाकावर मांडी घालून गरजले. “तीन पोरं तापाने फणफणली ती हिच्यामुळे. औषधं बंद! बाराच्या गाडीने बाईला घालवा, संध्याकाळी कोंबडा फिरतो की नाही बघा.”

आठवड्यापूर्वी बाबांना कुत्रंही ओळखत नव्हतं. आता स्टेशनमास्तर त्यांना वारा घालत होते.

गर्दीत रंगारी घाम पुसत होता. ती विधवा त्याची सख्खी वहिनी. रंगवताना चारही जीव खाली उतरवायचे, असा स्टेशनचा नियम. आठ दिवसांपूर्वी त्याने तीन उतरवले. मनोऱ्यावरून कोंबडा उतरवायचं धाडस झालं नाही, म्हणून तो जागच्या जागीच रंगवला आणि वहीत ‘चारही उतरवले’ म्हणून सही ठोकली. रंग ओघळून दांड्याच्या खोबणीत गेला, दगडासारखा वाळला. खरं बोलावं तर नोकरी जाणार. म्हणून आठ दिवस तोही हात जोडून उभा होता.

गर्दीतल्या दोघांनी वहिनीचं शिलाई मशीन आणून फलाटावर आदळलं. चाक तुटलं.

“भाऊजी, तुम्ही तरी बोला.”

रंगारी आपल्या चपला न्याहाळत राहिला.

बाबा त्याच्या कानाशी वाकले. “दुपारी मी वर एकांतात बसणार आहे. तुमच्याकडचं ते रंग सोडवायचं टर्पेंटाइन द्या बाटलीभर.”

बाबांना दिव्यदृष्टी नसली तरी नजर चांगली आहे, हे रंगाऱ्याला तेव्हा कळलं. त्याने बाटली उचलली आणि स्वतःच शिडी चढला. खरवडलं, ओतलं, हिसका दिला. करकरत कोंबडा फिरला.

“माझा रंग अडकला होता!” तो वरून ओरडला. “कामचुकारपणा मी केला. वहिनीचा काही दोष नाही! बाबांना ठाऊक होतं, म्हणून तर टर्पेंटाइन मागितलं!”

चोच आता मास्तरांच्या घरावर होती.

“अगंबाई, म्हणजे मास्तरीणबाई?” कोणीतरी पुटपुटलं.

“वारा आहे हो तो! नुसता वारा!” मास्तर एका क्षणात बुद्धिवादी झाले. रंगारी खाली उतरेपर्यंत त्याला कामावरून काढल्याचा कागदही तयार होता. बाबा बाराच्या गाडीत चढले; वहिनीसाठी ठेवलेली जागा रिकामीच होती.

वहिनीने तुटलेलं चाक उचललं.

“कोंबड्याला वारा कळतो, पाप कळत नाही. तापाला डॉक्टर बोलवा, आजच. आणि चोच कुठेही असो, माणसाला घराबाहेर काढण्याआधी एकाने तरी वर चढून बघत जा. शिडी आठ दिवस इथेच होती.”