पट्टी नसलेलं पाणी

काळेवाडीच्या जयमालाने चाळिशी उलटल्यावर पोहायला शिकायचं ठरवलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने, खंडूने, दोन दिवस अबोला धरला. तो लातूरकडचा. लहानपणी एकदाच विहिरीत उतरला होता, तो बुडता बुडता वाचला. तेव्हापासून पाणी हंड्यात असावं, फार तर बादलीत, असं त्याचं ठाम मत.

पण जयमाला हट्टाला पेटलेली. चाकणच्या कंपनीत आठ-आठ तास उभं राहून तिचे गुडघे धरले होते आणि पोहायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. चिंचवडच्या तलावात, बायकांच्या बॅचमध्ये, पहिला महिना तिने कडेचा दांडा सोडला नाही. चार वर्षांत गुडघे राहिले बाजूला, बाई सलग साठ-साठ फेऱ्या मारायला लागल्या. आता तिला कोकणात, समुद्रात पाच किलोमीटर पोहायचं होतं. शिकवणाऱ्या स्वरूपा मॅडमनी बजावलं, "आधी धरणाच्या मोकळ्या पाण्यात तीन किलोमीटर पोहून दाखव, तरच स्पर्धेच्या अर्जावर सही करीन. आणि होडीत घरचं माणूस हवं."

"मी? होडीत?" खंडू म्हणाला. "त्यापरीस मला आमच्या कंपनीतल्या क्रेनला टांग."

तरी रविवारी सकाळी तो मावळातल्या त्या धरणावर आला. लाइफ जॅकेटचे बंद दोनदा तपासून होडीत चढला आणि दोन्ही हातांनी फळी गच्च धरून बसला. होडीवाल्या चिमाजीला राहवेना. "पावणं, होडी न्हाई बुडायची," तो म्हणाला, "पर फळी तेवढी मोडंल."

जयमाला पाण्यात उतरली आणि पाचच मिनिटांत घोळ झाला. तलावाच्या तळाला काळी पट्टी असते. चार वर्षं ती त्या पट्टीवर नजर ठेवून पोहली होती. इथे खाली नुसता हिरवा अंधार. त्यात श्वास कायम डावीकडून घ्यायची सवय. आपल्या मते ती नाकासमोर चालली होती, प्रत्यक्षात डावीकडे वळत वळत जिथून निघाली त्याच काठाकडे परतत होती. होडीतून मॅडम घसा फोडून ओरडत होत्या, पण कानांवर टोपी आणि कानांत पाणी. दोनदा जवळ जाऊन तिला वळवलं. ती तिसऱ्यांदा भरकटली.

"अशाने नुसतीच दमेल," मॅडम म्हणाल्या. "आता पुन्हा झालं की वर घेते."

रोज पहाटे उठून, पोहून, ओले केस तसेच बांधून शिफ्टला पळणारी ही बाई. तिला असं होडीत ओढून घेणार, हे खंडूला बघवेना. त्याने फळी सोडली आणि तो उभा राहिला.

कंपनीत खंडूचं काम क्रेनखाली उभं राहून चालवणाऱ्याला खुणा करायचं. तिथल्या गोंगाटात तोंडाचा उपयोग नसतो. घरी कपाट हलवतानासुद्धा तो हातांनीच बोलायचा आणि जयमाला त्यावरून त्याची टर उडवायची.

"चिमाजीभाऊ, होडी तिच्या पुढं घ्या," तो म्हणाला. डुगडुगत त्याने तिच्याकडे तोंड केलं आणि तिच्या उजवीकडे हात लांब आडवा धरला. जयमालाने मान वर काढली, तो हात पाहिला आणि उजवीकडे सरकली. मग दोन्ही हात समांतर, म्हणजे सरळ ये. दर दहा हात मारले की ती मान वर काढायची, खंडूकडे एक नजर टाकायची आणि पुन्हा पाण्यात. दीड तास असं चाललं. मॅडमनी ओरडणं सोडून दिलं. खंडू एकदाही बसला नाही.

पलीकडच्या काठाला पाय टेकले आणि जयमाला गुडघाभर पाण्यात उभी राहून रडायलाच लागली. आनंदाने की दमून, तिचं तिलाही कळेना. खंडू टॉवेल घेऊन होडीतून उतरला, तो थेट बुटांसकट पाण्यात. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. तो तिचं डोकं पुसत राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने हे पहिल्यांदाच केलं होतं, आणि तिला ते फार बरं वाटलं.

"झाले ना हो तीन?" तिने विचारलं.

"झाले," तो म्हणाला. मग टॉवेल तिच्या खांद्यावर टाकून तो मागे वळला.

"मॅडम, समुद्रात लई लाटा असतेत का? न्हाई, म्हणजे... होडीत उभं ऱ्हाता येतंय ना?"