फाट्यावर न गेलेला टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. ट्रकचा नाही आणि साहेबांच्या मोटारीचा तर मुळीच नाही. मी उसाच्या बैलगाडीचा टायर आहे. सध्या माझा मुक्काम छबुबाईंच्या घराच्या पत्र्यावर असतो. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून मला इथे आडवे टाकले आहे. सोबतीला चार दगड आहेत, पण ते जन्माचे मुके. म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यातून बाहेर आलो तेव्हा अंगावर खोल, ठसठशीत नक्षी होती. त्या नक्षीचा मला भारी गर्व होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याने मला विकत घेतले, लोखंडी गाडीला जोडले आणि पहिल्याच हंगामात माझा गर्व चिखलात गेला.

तिथली रीत अशी, की गाडी कारखान्याची आणि बैल तोडकऱ्याचे. ऊस तोडायला आलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. जित्याजागत्या माणसांना हत्याराचे नाव! माझ्या वाट्याला आलेला कोयता म्हणजे शहादेव आणि सरस्वती. दोघे बीड जिल्ह्यातले, गेवराईच्या अलीकडच्या एका वस्तीवरचे. दसरा झाला की निघायचे आणि पाडव्याच्या सुमारास परतायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा गहिनीनाथ मागे आजीजवळ, म्हणजे छबुबाईंजवळ, राहायचा. त्याची शाळा बुडू नये, त्याच्या हाती कोयता येऊ नये, यासाठी सरस्वतीने काळजावर दगड ठेवला होता. मोळ्या बांधताना ती सारखी म्हणायची, “आता माझं लेकरू शाळंतून आलं आसंल.” हे मी शेवटचे दोन हंगाम रोज ऐकले.

सहाव्या हंगामात शेताच्या बाहेर पडताना एका धारदार दगडाने माझी कूस फाडली. ठिगळ टिकेना. कारखान्याच्या आवारात मागे, भंगाराच्या ढिगाऱ्यावर मला फेकून दिले. दोन टन ऊस ओढणारा मी, मला उचलायलाही कोणी येईना. हंगाम संपला तेव्हा शहादेव तिथे आला आणि मला घेऊन जाण्याची परवानगी मागू लागला. मुकादम धुळाजी हसत सुटला.

“काय बे शहादेव, पोराला मिठाई ने की. टायर का खायाचा हाय?”

“मिठाई एका दिसात सरती, मुकादम,” शहादेव म्हणाला. “ह्यो लई दिवस पुरंल.”

त्या एका वाक्यावर मी आजही जीव ओवाळून टाकीन.

गहिनी तेव्हा सहा वर्षांचा होता आणि मी त्याच्या गळ्यापर्यंत येत होतो. पहिल्या दिवशी मी त्याला दोनदा पाडले. तिसऱ्यांदा त्याने मला असे काही ढकलले, की मी थेट गावच्या दूध डेअरीच्या भिंतीवर जाऊन आदळलो. तिथून आमची दोस्ती जमली. डेअरी सहकारी संस्थेची होती. संध्याकाळी पोरे घरोघरचे दूध घेऊन यायची, माप होईपर्यंत समोरच्या मैदानावर धुडगूस घालायची. म्हाळू हा गहिनीचा जिवाभावाचा मित्र. त्याच्याकडे फटफटीचा टायर होता. सडपातळ, वेगवान, पण वळणावर हमखास कोलमडणारा! मी जड असलो तरी एकदा चालू लागलो की सरळ जायचो. शर्यत जिंकली की गहिनी माझ्यावर थाप मारायचा. कारखान्यात सहा वर्षांत मला कोणी तशी थाप मारली नव्हती.

दुसऱ्या वर्षी मायबाप परतणार होते त्या दिवशी गहिनीने मला फाट्यावर नेले. फाटा वस्तीपासून दोन किलोमीटर. वाट सगळी मातीची. पोरगे मला पळवत निघाले आणि आमच्या मागे धुराळ्याचा लोट उठला. ट्रकच्या टपावर बसलेल्या सरस्वतीने तो लांबूनच ओळखला आणि ती जागेवरच उठून उभी राहिली. तेव्हापासून तो रिवाजच पडला. मायबाप यायच्या दिवशी गहिनी आणि मी फाट्यावर हजर. “धुराळा दिसला की माझे सा महिने फिटत्यात,” असे सरस्वती म्हणायची.

मग दुष्काळ आला. पावसाने तोंडही दाखवले नाही. गुरे चारा छावणीत गेली, दूध आटले आणि डेअरीला कुलूप लागले. दूधच नाही म्हटल्यावर पोरांना संध्याकाळी तिकडे जायचे कारणच उरले नाही. मैदान होते तिथेच होते, पण खेळ मोडला. आपला खेळ दुधाच्या किटलीला बांधलेला होता, हे मला तोवर कळले नव्हते.

त्या वर्षी जाण्याआधी शहादेवने गेवराईहून एक जुना फोन आणला. चित्र दिसणारा. “रोज सांजच्याला तुझं त्वांड दिसंल,” असे म्हणत सरस्वतीने तो गहिनीच्या हातात दिला. खोटे कशाला बोलू, फोन आल्यावर मला आनंदच झाला होता. पहिला महिनाभर रोज संध्याकाळी अंगणात मायचा चेहरा उजळायचा. उसाच्या पाचटाच्या कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, बसून ती विचारायची, “जेवलास का? आज काय शिकिवलं गुरुजीनं?” गहिनी तिला कविता म्हणून दाखवायचा. आजी पदराने डोळे पुसायची. वाईट काय होते त्यात?

वाईट नंतर घडले, आणि त्याची सुरुवात मायेतूनच झाली. शेजारच्या वस्तीवर पाणी शेंदताना एक मुलगी विहिरीत पडली. ती वाचली नाही. छबुबाईंनी धास्तीच घेतली. नातू स्वतःचा असला तरी सहा महिन्यांसाठी तो लेकाची ठेव होता. “ह्याला काही झालं तर त्याच्या मायबापाला काय त्वांड दावू?” असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या. शेवटी त्यांनी फर्मान काढले, की शाळेतून थेट घरी यायचे आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. शेजारच्या धोंडीरामला सांगून त्यांनी मलाही पत्र्यावर चढवले. पत्र्याला वजन झाले आणि नातवाचे पायही बांधले गेले.

गहिनी दोन दिवस रडला. एकदा भिंतीवर चढून त्याने माझ्या कडेला हात लावला. खालून आजी किंचाळली, तसा तो उतरला. त्याचे रडणे बघवेना, म्हणून आजीने फोन त्याच्या पुढ्यात ठेवला.

“घे, ह्यात खेळत बस. पर माझ्या नदरंसमोर ऱ्हा.”

तो खरोखरच नजरेसमोर राहिला. बंदुकीची गेम होती कसली तरी. आजी भाकरी थापायची, तो दारात बसून खेळायचा, आणि आजीच्या जिवाला स्वस्थता वाटायची. लेकरू घरात आहे, पडत नाही, झडत नाही, अजून काय पाहिजे? गावातल्या बायकांनाही हे पटले. एकेक करून बरीच पोरे अशी दारातल्या दारात बसली. गुडघे फुटणे बंद झाले. सगळ्यांना वाटले, पोरे शहाणी झाली.

म्हाळू रोज यायचा. “गहिनी, येतो का बे?”

“थांब की. एवढा एक डाव.”

म्हाळू थांबायचा, उन्हात पाय हलवत उभा राहायचा. एक डाव संपून दुसरा सुरू व्हायचा. पंधरा दिवसांनी म्हाळूने यायचे सोडले. गहिनीच्या ते ध्यानातही आले नाही, माझ्या मात्र आले. पत्र्यावर दुसरे काम काय?

त्या खेळाची एक खोड होती. मध्येच कोणाचा फोन आला की डाव थांबायचा आणि गहिनी हरायचा. आणि सरस्वतीचा फोन नेमका संध्याकाळी, डाव रंगात आला की यायचा. दिवसभर ऊस तोडून ती रेंज मिळावी म्हणून उंच बांधावर जाऊन उभी राहायची. सुरुवातीला गहिनी चिडून उचलायचा. मग “हं, हं” करत लवकर ठेवू लागला. मग कापू लागला. आजीने विचारले तर म्हणायचा, रेंज नाही. आजीचा विश्वास बसायचा. तिकडे मायचाही बसायचा, कारण खेड्यातली रेंज कशी असते हे तिला ठाऊक होते. त्याचे खोटे त्या दोघींच्या भाबडेपणात निभावून गेले.

मित्रांनो, आता तो दिवस सांगतो. सांगायला जड जाते.

पाडवा होऊन आठ दिवस झाले होते. सकाळची शाळा सुटून गहिनी दारात बसला होता. आजी टँकरच्या रांगेत घागरी घेऊन गेली होती. ऊन असे, की पत्र्यावर माझे अंग मऊ पडू लागले होते. फोन वाजला. गहिनीने कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. असे सात वेळा झाले. तेवढ्यात मला फाट्यावर ट्रक दिसला.

मी ओरडलो असतो, पण टायरला तोंड कुठले!

ट्रक थांबला. बैल उतरवायला वेळ लागत होता. तेवढ्यात टपावरून एक बाई उतरली. उतरली कसली, तिने उडी टाकली. ती पडली, उठली आणि मातीच्या वाटेने धावत सुटली. एक चप्पल वाटेत राहिली, दुसरी तिने स्वतःच भिरकावली. दोन किलोमीटर, भर दुपारी, अनवाणी. माझ्या खाली गहिनीचे बोट त्या काचेवर नाचत होते.

सरस्वती दारात आली तेव्हा तिला श्वास पुरत नव्हता.

“गहिनी!”

त्याने मान वर केली नाही. “थांब माय, एवढी गेम होऊ दी.”

ती थांबली. खरेच थांबली हो! सहा महिन्यांनी घरी आलेली आई आपल्या मुलाच्या डावासाठी उंबऱ्याशी उभी राहिली. मग ती खाली बसली. तिने त्याचे पाय चाचपले, हात चाचपले, डोक्यावरून हात फिरवला. सगळे जागच्या जागी होते. तेव्हा तिला जो हुंदका फुटला, तो ऐकून शेजारची धोंडीरामची बायको धावत आली.

गहिनीने आता वर पाहिले. “माय, कावून रडायलीस?”

“धुराळा दिसला न्हाई रं,” ती म्हणाली. “फोन बी कापायला लागला. मला वाटलं, माझ्या लेकराचं काही तरी झालं, अन् मला सांगायचं धाडस कुणाला व्हईना.”

फोन गहिनीच्या हातून खाली पडला. तो मायच्या कुशीत शिरला.

रात्री पत्र्याखाली जे बोलणे झाले, ते मी सगळे ऐकले. शहादेव फोन फोडायला निघाला होता. छबुबाई मध्ये पडल्या. “त्याला नगं मारू. फोनला बी नगं. म्याच बसिवला त्याला घरात.”

सरस्वतीने गहिनीला जवळ ओढले. मग म्हणाली, “पुढच्या साली ह्याला संगं नेते.”

“अन् शाळा?” शहादेवने विचारले.

“मला शाळा नगं. मला माझं लेकरू डोळ्यापुढं पायजे.”

“माय, मी फोन उचलीन,” गहिनी अंधारातून म्हणाला. “रोज उचलीन. तुझ्या गळ्याची आण.”

पोरगे खरेच बदलले. उन्हाळाभर तो म्हाळूबरोबर उंडारला, गुडघे फोडून घेतले, शाळा उघडल्यावर अभ्यास केला. फोन घ्यायचा तो दिवेलागणीनंतर अर्धा तास, आणि आजीने हाक मारली की डाव अर्धा टाकून उठायचा. पाऊसही बरा झाला. मला वाटले, आता सरस्वतीचे मन वळेल. बद्रीनाथ गुरुजी दोनदा घरी येऊन गेले. “पोरगं हुशार हाय, सरस्वतीबाई. पाचवीचं वर्ष हाय, नका नेऊ.” तिने गुरुजींना चहा केला, त्यांच्यासमोर मान हलवली, आणि ते गेल्यावर गहिनीचे कपडे गाठोड्यात बांधले. दोन किलोमीटरची ती धाव तिच्या पायांतून निघालीच नाही. कोणी कितीही समजावले तरी भीतीला कान नसतात. छबुबाईंनीही अडवले नाही. पुन्हा जबाबदारी घ्यायची त्यांची छाती उरली नव्हती.

दसऱ्यानंतर ट्रक आला आणि गहिनी त्यात चढला. पाटी-दप्तर आजीजवळ राहिले, फोनही आजीजवळच राहिला.

आता संध्याकाळी मायच्या फोनवरून त्याचा फोन येतो. आजीला कमी ऐकू येते, म्हणून ती आवाज मोठा करून अंगणात बसते, आणि मलाही ऐकू येते.

“काय करायलास रं राजा?” परवा तिने विचारले.

“मोळ्या बांधायलो, आजी.”

“खेळतूस का न्हाई?”

“हितं कुणी खेळत न्हाई. सांज झाली की लई झोप येती.”

मित्रांनो, मी त्या फोनला शिव्याशाप देत नाही. त्यात मायचा चेहरा दिसायचा, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सरस्वतीला किंवा छबुबाईंना तरी कोणत्या तोंडाने दोष देऊ? पण मोठ्यांनो, मुलाला जपायचे म्हणून त्याला दारात बांधू नका. एकटे सोडायची भीती वाटत असेल तर मैदानाच्या कडेला तुम्ही बसा. आणि मुलांनो, फोनवरचा खेळ जरूर खेळा, पण आधी पाय मातीत मळू द्या. मित्र दारात उभा असेल तर उठा. आईचा फोन आला तर तो कापू नका. मोडलेला डाव पुन्हा मांडता येतो. गहिनीचे पाचवीचे वर्ष आता कोणी परत आणू शकत नाही.