वस्तादांच्या तेलाचे दोन डाग

भूमिदेवाच्या देवळापुढे शनिवारी सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध पांढरं जॅकेट घालून सावमा उभी होती, आमच्या च्यांगहुआ शहरातल्या मुलींच्या शाळेची बास्केटबॉलपटू. सात महिन्यांपूर्वी तिच्या डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन करून नवं बसवलं. समोर हाडवैद्य वस्ताद गोंग, दोन्ही तळहातांना पिवळंजर्द तेल चोपडून.

"पोरी, हात आडवा धर! लाव जोर!"

त्यांनी हात दाबला. हात पडला. गर्दी हळहळली.

"बघा! सगळी प्राणशक्ती गुडघ्यातून गळतेय. भोक पडलेली बादली आहे ही, बादली!" त्यांनी तिच्या गुडघ्यावर लेपाची पट्टी चिकटवली. "झालं भोक बंद." पुन्हा दाबला. हात लोखंडी कांबीसारखा ताठ.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोच लियाओ पुढे सरकले. "वस्ताद, उद्याची मॅच खेळेल?"

"उद्याचं काय घेऊन बसलात? डॉक्टर कॅलेंडर बघतात, मी माणूस बघतो!"

दुपारी सावमा माझ्या शिवणाच्या दुकानात आली, एकटीच. पांढरं जॅकेट पुढे केलं. "मावशी, सात नंबर उसवलाय. घट्ट शिवा."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"निदान नऊ महिने. शिवाय दोन्ही पायांची ताकद जुळायला हवी."

मी टेप काढली. डावी मांडी उजवीपेक्षा तीन सेंटीमीटर बारीक.

"तरी खेळणार?"

ती खाली बघत म्हणाली, "खेळले की सगळ्या बोलतात हो. आता वसतिगृहात माझ्याशी फक्त टीव्ही बोलतो."

तिची आई डोंगरापलीकडे, तायतुंगला. इथे अख्ख्या गल्लीने तिला डुकराच्या पायाच्या शिरांचं सूप पाठवलं होतं. शीर खाल्ली की तुटलेली शीर भरून येते, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. मीही पाठवलं होतं. शिरेने शीर भरत नाही हे मला ठाऊक होतं, पण डबा पाठवला की कर्तव्य संपतं ना! तिच्याजवळ बसून ते प्यायला कुणी गेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

जॅकेट मशीनखाली घेतलं आणि थांबले. बाहीवर पिवळे डाग होते. एक मनगटाशी, एक कोपराच्या जरा वर.

"वस्तादांनी आधी कुठे दाबलं गं?"

"मनगटावर."

"आणि पट्टी लावल्यावर?"

तिने वरच्या डागावर बोट ठेवलं. "इथे." मी दुकानाचं दार दाखवलं. "कडीपाशी ढकल." करंगळीने उघडलं. "आता बिजागरीपाशी." तिला दोन्ही हात लावावे लागले. "हाताची बिजागरी खांद्यात. तिच्याजवळ दाबलं की हात पडत नाही."

"म्हणजे पट्टीने काहीच केलं नाही?"

"पट्टी चिकटली. तेवढंच तिचं काम."

रविवारी शाळेच्या फाटकात बस उभी होती. वस्ताद निरोपाला हजर. मी म्हटलं, "कोच, जरा हात आडवा धरा." मनगटावर दाबला, पडला. मग त्यांच्या गुडघ्यावर कापडाची चिंधी नुसती गुंडाळली आणि कोपराच्या वर दाबला. हात हलेना.

पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. वस्ताद तडकले. "शिंपीणबाई, तुमच्या हातात प्राणशक्ती नाही!"

"नसू दे की. तरी जमलं!"

तेवढ्यात सावमाने खिशातून हॉस्पिटलचा कागद काढला. आठवडाभर लपवलेला. "कोच, एका पायावरची उडी. उजवी दीडशे सेंटीमीटर, डावी एकशे बारा. डावी उजवीच्या नव्वद टक्के तरी लागते. आज खेळले तर पुन्हा तुटेल. मी नाही खेळणार."

कोचनी कागद वाचला, परत दिला आणि बसमध्ये चढले. बस गेली. "तू नुसती बघायला चल," असंही कुणी म्हटलं नाही. गळून पडलेली चिंधी उचलून मी दुकानात परत आले. सावमा दुकानाच्या पायरीवर येऊन बसली होती, सात नंबरचं जॅकेट मांडीवर घेऊन. मी सूप गरम केलं आणि या वेळी दोन वाट्या आणल्या.

"याने शीर भरते का, मावशी?"

"छे. पोट भरतं."

आता दर गुरुवारी व्यायाम करून ती मांडी मोजायला येते. फरक दीड सेंटीमीटरवर आलाय. यात चमत्कार नाही, रोजचा घाम आहे.

तुमच्यासमोर कुणी चमत्कार केला, तर टाळ्यांआधी त्याचा हात कुठे आहे ते बघा. पुन्हा करून दाखवा म्हणा. बरं व्हायला किती दिवस लागतील, ते मोजणाऱ्याला विचारा. आणि शेजारी कुणी दुखणं घेऊन एकटं बसलं असेल, तर डबा ठेवून पळू नका. गोंगांच्या दारात गर्दी होते ती अशाच माणसांची.