कातरलेली पानं

थोरलीच्या गुलाबाची पानं कोणीतरी कातरत होतं. किड्यानं खाल्ल्यासारखी कुरतडलेली नव्हेत, कडेनं छान गोल कापलेली. अशी गोल कापायला हात सराईत हवा, आणि त्या घरात कात्री चालायची ती धाकट्या जावेची. धाकटी घरी कपडे शिवायची.

थोरलीनं तिला विचारलं नाही. नळावर सांगितलं, वाण्याकडे सांगितलं, कपडे शिवायला येणाऱ्या बायकांना तर दारातच गाठून सांगितलं. दोघी एकाच घराच्या दोन अर्ध्या भागांत राहायच्या, मागची बाग मात्र सामायिक होती. गोष्ट धाकट्या दिराच्या कानावर गेली, तसं त्यानं बागेच्या मधोमध पत्रे ठोकले. गुलाबावर येणारं सकाळचं ऊन त्या पत्र्यांनी अडवलं. थोरलीच्या नवऱ्यानं, घड्याळजीनं, तो गुलाब स्वतः लावला होता. पण भावाला तो चकार शब्द बोलला नाही आणि बायकोलाही नाही.

मग एका दुपारी थोरली पाळत ठेवून बसली. पत्र्यावरून हात येईल, असा तिचा होरा होता. आली ती एक माशी. मधमाशीएवढी, काळपट. ती पानाच्या कडेवर बसली, बघता बघता गोल तुकडा कापला, पोटाशी धरला आणि उडाली. थोरली टाचा उंचावून पत्र्यावरून बघत राहिली. माशी धाकटीच्या खिडकीच्या चौकटीतल्या एका भोकात शिरली.

थोरलीचा चेहरा उतरला. पण पुढच्याच क्षणी तिला वाटलं, माशी राहते तर हिच्याच घरात.

ती तरातरा पुढच्या दारानं धाकटीकडे गेली.

"तुझ्या खिडकीत माशी आहे. पानं तीच नेते. भोक बुजवून टाक."

धाकटीनं मशीन थांबवलं नाही. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मशीनवर बसलं की समोरच दिसते."

"मग बोलली का नाहीस?"

आता मात्र मशीन थांबलं. "तुम्ही विचारलंत कुठे, जाऊबाई? तुम्हाला मी चोर हवी होते. म्हटलं, घ्या."

"पत्रे काढून घ्या," एवढंच थोरली म्हणाली.

"राहू द्या," धाकटी म्हणाली. "तुमचं तोंड दिसत नाही, तेवढंच बरं." आणि तिनं पुन्हा मशीन सुरू केलं.

घरी येऊन थोरलीनं विळा काढला. हिच्या माशीला माझं एक पान मिळायला नको, या एकाच हट्टानं तिनं गुलाब बुडापासून छाटला. कळ्यांसकट. हाताला काटे लागले, तरी थांबली नाही.

माशी आली, रिकाम्या जागेवर घिरट्या घातल्या आणि शेजारच्या कुंपणाकडे निघून गेली. तिचं काही अडलं नाही.

घड्याळजी दुकानातून आला तेव्हा फांद्या वाटेतच पडल्या होत्या. थोरलीनं घाईघाईनं सगळं सांगितलं. माशीचं, भोकाचं, धाकटीच्या उर्मट बोलण्याचं. त्यानं ऐकून घेतलं, एकेक फांदी गोळा केली आणि बागेच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

"जेवायला वाढू?" तिनं विचारलं.

तो तिच्या अंगावरून आत गेला आणि खोलीचं दार लावून घेतलं.